भट्टीची किल्ली कुणाच्या कमरेला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पाव-बिस्किटांचा, राजीखुशीने आणि बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहिते. वकील म्हणाले, "मावशी, 'कुणाच्याही दबावाखाली नाही' असं जरूर घाला." घातलं. पण मागचा मसुदा मी वरच्या खोलीत लिहीत होते, तेव्हा जावई शेजारच्या खोलीत पूर्ण वेळ गप्प बसला होता, आणि तो माणूस झोपेतसुद्धा गप्प नसतो. म्हणून हा मसुदा मी खाली, भट्टीच्या भिंतीशी बसून लिहिते आहे. या भिंतीला कुणी कान लावून बघावाच.

कलम १. माझी याआधीची चारही मृत्युपत्रं रद्दबातल समजावीत. एक मुलीच्या हाती पडलं, एक मी इतकं नीट लपवलं की मलाच सापडत नाही, आणि दोन रागाच्या भरात लिहिली होती. हे पाचवंही रागातच सुरू केलं आहे, पण पूर्ण विचारांती.

कलम २. वरच्या दोन खोल्या, त्यातल्या सामानासह, माझ्या एकुलत्या मुलीच्या. तिच्या एकटीच्या नावावर, जावयाच्या नाही. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने खालच्या भट्टीची लांबीरुंदी टेपने मोजली. विचारलं तर म्हणाला, "सहज हो, आई." टेप खिशात घालून सासुरवाडीला सहज कुणी येत नाही. तळमजला त्याला मोबाइलच्या दुकानासाठी हवा आहे, तो मिळणार नाही. बँकेत जे काही असेल तेही मुलीचंच. पोरगी गुणाची आहे, फक्त तिला माणसं ओळखता येत नाहीत. हा दोष तिने कुठून उचलला कोण जाणे, माझ्याकडून नक्कीच नाही.

कलम ३. थोरल्या जाऊबाईंना माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा द्यावा, रिकामा. कारण त्यांना ठाऊक आहे, वकिलांना नाही, म्हणून लिहिते. बेचाळीस वर्षांपूर्वी माझा नवरा "येतोच" म्हणून बाहेर पडला. तो शब्द त्याने अजून पाळलेला नाही. मुलगी दोन वर्षांची होती. जाऊबाईंनी आसरा दिला, हे मी नाकारत नाही. त्यांच्या दुकानासाठी मी आल्याची बिस्किटं करायची आणि त्या माझ्या पाठीशी उभ्या राहून बघायच्या. मला वाटायचं, कौतुकाने बघतात. तीन महिन्यांत माझं सगळं माप त्यांच्या वहीत उतरलं आणि त्या म्हणाल्या, "आता जागा पुरत नाही गं." मी डबा काखेत मारला, मुलीला कडेवर घेतलं आणि निघाले. डब्यात आठ बिस्किटं होती, ती मुलीने दोन दिवसांत संपवली. तेव्हापासून त्या डब्यात मी काहीही ठेवलेलं नाही.

कलम ४. तळमजल्यावरची भट्टी, टेबलं, लांब दांड्याचं लाकडी फावडं, साचे, तराजू आणि माझ्या नावाचा छाप. हे सगळं एकत्र राहील, वाटलं जाणार नाही. ते का, हे नीट समजून घ्यावं. पाव निघाले की भट्टी लगेच थंड होत नाही. दीड-दोन तास उतरती धग राहते. तिच्यात पाव होत नाही, पण बिस्किटं आणि टोस्ट उत्तम होतात. इथली जुनी भट्टीवाली ती धग वाया घालवायची. मला मुलीसकट दारात उभी बघून ती म्हणाली, "उतरती धग आहे, घे. नाहीतरी विटाच खातायत." त्या धगीवर मी पहिलं वर्ष काढलं.

म्हणून इथला रिवाज असा की उतरती धग नव्या बाईची. जिच्या पदरी मूल आहे आणि पाठीशी कुणी नाही, तिला वर्षभर ती धग, एक टेबल आणि तिच्या पुड्यांवर माझा छाप. परवान्याचे अर्ज माझी मैत्रीण मास्तरीण भरून देते, पहिल्या महिन्याचं लोणी लोणीवाली देते. आजवर एकतीस जणी इथून उभ्या राहिल्या, सध्या नऊ आहेत. एकीने तर माझ्या समोरच दुकान टाकलं. मी रोज तिच्याकडे बघते आणि ती रोज हात हलवते. काय म्हणायचं असतं तिला, देव जाणे.

नियम तीनच. मुलाचा बाप कुठे आहे, हे विचारायचं नाही. मूल रडलं तर जिचे हात रिकामे तिने उचलायचं. आणि दुसरीच्या भांड्यात न विचारता हात घालायचा नाही. हा तिसरा नियम माझा स्वतःचा, तो कुठून आला ते कलम तीनमध्ये आहे.

कलम ५. भट्टीची किल्ली मी घुमीला देणार होते. घुमी म्हणजे चार वर्षांपूर्वी तान्ही मुलगी घेऊन आलेली बाई, वर्ष संपल्यावर मीच तिला ठेवून घेतलं. बोलणं कमी, म्हणून हे नाव पडलं. हात असा की तिचा टोस्ट मोडला तर आवाज शेजारी जावा. पण आता तिला किल्ली देऊ नये, एवढंच नाही, तिला इथून काढावं. कारणं लिहिते, म्हणजे माझ्यामागे कुणी म्हणायला नको की म्हातारीचं डोकं फिरलं होतं.

एक, मी पीठ मळून, परात फडक्याने झाकून, दोऱ्याची गाठ मारून दुपारी वर पडायला जाते. गेले कित्येक महिने खाली आल्यावर गाठ उलटी दिसते. नऊ जणींत डावखुरी एकटी घुमी आहे. दोन, त्याच वेळेला तिची कापडी पिशवी फुगलेली असते. तीन, हे सगळ्यांत वाईट, लोणीवालीने तिला जाऊबाईंच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. हातात कागद होता, तो तिने चटकन ब्लाउजमध्ये खोचला. एकदा दुधाने तोंड पोळलेली बाई आहे मी. पुन्हा माझ्याच पाठीशी उभं राहून कुणीतरी माझं माप जाऊबाईंच्या वहीत नेतं आहे, हे मला न सांगता कळतं.

हे वाईट वाटून लिहिते. तिची पोर माझं बोट धरून चालायला शिकली.

वरचं लिहून चार दिवस झाले. वकील म्हणतात, नवा कागद घ्या. मी घेणार नाही. आधी काय लिहिलं होतं ते सगळ्यांना दिसू दे.

बुधवारी दुपारी मी वर गेलेच नाही. पिठाच्या खोलीत पोत्यांमागे स्टूल टाकून बसले. बाकीच्या जणी मुलांना शाळेतून आणायला गेल्या. घुमी आली, माझी गाठ सोडली, माझ्या पिठाचा चिमटा घेतला, तोंडात टाकला आणि मोरीत थुंकला. मग माझं सगळं पीठ तिने आपल्या पिशवीत भरलं, तिच्या टेबलाखालून तेवढंच मळलेलं पीठ काढलं आणि माझ्या परातीत ठेवलं. फडकं टाकलं. गाठ मारली, उलटी.

मी बाहेर आले. "काय गं, हे कधीपासून चाललंय?"

ती दचकली, पण पळाली नाही. "मावशी, आधी चाखा. मग काय बोलायचं ते बोला."

तिने पिशवीतल्या माझ्या पिठाची गोळी दिली, मग परातीतल्या तिच्या पिठाची. मी दोन्ही चाखल्या. दोन्ही सारख्याच लागल्या, म्हणजे कशाच लागल्या नाहीत.

"तुमच्यात आज मीठ दोनदा पडलंय," ती म्हणाली. "काल पडलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या तापानंतर तुमची चव गेली, मावशी."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. चाळीस वर्षं मी चवीवर जगले. मी खाली बसले आणि रडले, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही, पण लिहिते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी खाली आला असतात का? आणि पाव तसाच गेला असता तर? त्या छापावर नऊ घरं चालतात, मावशी."

पीठ ती स्वतःच्या वाटणीचं घालत होती. अकरा महिने. माझं बिघडलेलं पीठ पिशवीतून घरी नेऊन फेकत होती, मला दिसू नये म्हणून. मी जाऊबाईंच्या दुकानाचं विचारलं. तिने ब्लाउजमधून कागद काढला. माझ्या आल्याच्या बिस्किटांचं माप होतं ते, जाऊबाईंच्या अक्षरात.

"तुम्ही कधी लिहूनच ठेवलं नाहीत, कुणी चोरेल म्हणून. आणि हल्ली दर वेळी वेगळं सांगता. खरं माप त्यांच्याकडेच उरलं होतं."

मी मास्तरिणीला बोलावलं. तिला माहीत होतं. लोणीवालीला माहीत होतं, तरी चहाडी करून मोकळी झाली होती, कारण तिला गप्प बसवत नाही. सगळ्या नऊजणींना माहीत होतं. समोरच्या दुकानवालीलासुद्धा. मास्तरीण म्हणाली, "तू ऐकलं असतंस? स्वभावाला औषध नाही, बाई."

तेव्हा नोंद असावी की माझा संशय खरा निघाला. सगळ्या मिळून माझ्या पाठीमागे काहीतरी करत होत्या. ते काय, एवढंच मी चुकले.

कलम ६. कलम ५ रद्द. भट्टीची किल्ली घुमीच्या कमरेला. कलम ४ मधल्या सगळ्या गोष्टी तिच्या ताब्यात, पण त्या विकायच्या नाहीत, आणि उतरती धग नव्या बाईची हा रिवाज मोडायचा नाही. व्यवस्थापक म्हणून मास्तरिणीला नेमते. तिच्यावर माझा विश्वास आहे, म्हणजे जवळजवळ.

कलम ७. तिसरा नियम बदलते. दुसरीच्या भांड्यात न विचारता हात घालायचा नाही, हे खरं, पण जिच्या कमरेला किल्ली आहे तिचं पीठ रोज दुसरीने चाखायचं आणि काय लागलं ते तिच्या तोंडावर सांगायचं. घुमीलाही यातून सूट नाही. मला राग एकाच गोष्टीचा आहे. अकरा महिने मला फसवलं याचा नाही, तर मी अशी बाई झाले होते की मला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही, याचा.

कलम ८. कलम २ मधलं मुलीबद्दलचं शेवटचं वाक्य खोडावं. माणसं न ओळखण्याचा दोष तिने माझ्याकडूनच घेतला असणार. जावयाबद्दलचं मात्र राहू द्यावं. टेप मी स्वतः पाहिली आहे.

कलम ९. साक्षीला मी घुमीलाच बसवणार होते, पण जिला मिळतं तिने साक्ष द्यायची नसते, असं वकील म्हणाले. म्हणून शुक्रवारी साक्ष मागायला जाऊबाईंकडे गेले. बेचाळीस वर्षांनी त्यांच्या पायऱ्या चढले. वही त्यांनी अजून कपाटात, फडक्यात बांधून ठेवली आहे.

"इतकी जपलीत?" मी म्हटलं.

"चोरीचा माल," त्या म्हणाल्या. "जपायलाच हवा."

त्यांनी चहा केला. मी तो आधी त्यांना प्यायला लावला.

मी त्यांना माफ केलेलं नाही. पण कलम ३ मध्ये "रिकामा" हा शब्द खोडून तिथे "आल्याची आठ बिस्किटं घालून" असं वाचावं. बिस्किटं घुमीने त्याच कागदावरून करावीत. मात्र जिला काही मिळतं तिची साक्ष चालत नाही, म्हणून जाऊबाईंनी डब्यावरचा हक्क वकिलांसमोर सोडला आहे. तो डबा घुमीच्या मुलीला द्यावा आणि जाऊबाईंनी बिस्किटं तिच्याकडून मागून खावीत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मास्तरिणीने पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिने मधलं काही गाळलं नाही याची खात्री मी कागदात बघून केली.

ठिकाण: भट्टीसमोरचं टेबल.
तारीख: वकिलांनी वर शिक्क्यात घातली आहे. वार सोमवार, भट्टीची सुट्टी.
सही: भट्टीवाली मावशी

साक्षीदार पहिल्या: थोरल्या जाऊबाई. (सही केली आहे. बिस्किटात आलं जरा जास्तच घालते ही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.)
साक्षीदार दुसरी: लोणीवाली. (सही केली आहे. कुणाला सांगणार नाही.)

पाकिटावर लिहिलेलं: हे पाकीट मी दोऱ्याने बांधून माझ्या हाताने गाठ मारली आहे. माझ्यामागे ती उलटी दिसली तर समजावं की घुमीने पाकीट आधीच उघडून वाचलं. त्यावरून कुणी तिला बोल लावू नये. मला चूक करताना तिनेच वाचवलं होतं, आताही काही चुकलं असेल तर तिने बदललं असेल.