दोन डिस्क हव्या होत्या

ऊर्जानगर, गुरुवार, १२ ऑगस्ट २००४

राग जातच नाही. नवा कॉम्प्युटर घरात आहे, पण हार्ड डिस्कशिवाय तो नुसता डबा. मला दोन लहान डिस्क हव्या होत्या. एकीवर मूल तालुक्यातल्या बायांनी गायलेली भाताच्या रोवणीची गाणी, दुसरीवर त्यांचीच प्रत. कॅसेटना बुरशी लागते आहे, आणि त्यांतली सरजाबाई तर उन्हाळ्यात गेलीच. तिचा आवाज आता तेवढ्या एका कॅसेटमध्ये.

चंद्रपुरात दुकानदार सलीमभाईंनी मला नाही, यांना विचारलं, "भाऊ, वहिनी काय ठेवून राह्यल्या याच्यात?"

हे म्हणाले, "गाणीबिणी."

गाणीबिणी! सहा पावसाळे मी बांधावर बसून ती टेप करत काढले, ते याच्यासाठी?

"मग एकच मोठी न्या ना. दोन काऊन?"

"एक बिघडली तर?" मी विचारलं.

"साहेब वीज बनवतात, वहिनी. तुमच्या इथी बत्ती जातच नाई, बिघडन कशी?" दोघंही हसले. एकच डिस्क घरी आली.

जेवताना न राहवून यांना विचारलं, "प्लांटमध्ये चालू पंपाशेजारी दुसरा कशाला ठेवता?"

"एक बंद पडला तर सगळंच बंद पडन ना."

बोलले आणि घास हातातच राहिला. मग हळूच, "उद्या दुसरी आणतो."

आणतील. पण पटलं ते पंपामुळे. सरजाबाईचा आवाज त्यांना पुरला नाही, याचाच जास्त राग येतो आहे.