चौकटीत फक्त डोंगर

४ फेब्रुवारी
ही लेकीकडे राहायला गेली. कारण गुडघा. लेकीच्या इमारतीला लिफ्ट आहे, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. याखेरीज दुसरे कोणतेही कारण नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो. कारण जावई या गोष्टीचा संबंध रविवारच्या प्रसंगाशी उगाच जोडतात.

प्रसंग एवढाच : लेकीला भिंतीवर लावण्यासाठी आईचा एक फोटो हवा होता. निगेटिव्हचे सगळे डबे उघडले. चाळीस वर्षांचे काम. सर्व कृष्णधवल, सर्व डोंगर. हिचा एकही फोटो निघाला नाही. मी समजावून सांगितले, की डोंगराच्या चित्रात माणूस आला की तो डोंगर राहत नाही, सहल होते. लेक म्हणाली, बाबा, पण प्रत्येक डोंगरावर ट्रायपॉड आईनेच वाहिला ना? ट्रायपॉडचाही फोटो नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. यावर ही उठून आत गेली.

डबे तूर्त पलंगावर, तिच्या बाजूला ठेवले आहेत. तात्पुरते.

९ फेब्रुवारी
संकल्प : आपण होऊन फोन करायचा नाही. गुडघा बरा झाला की ती स्वतःच कळवील.

त्याच दिवशी, सकाळी ११
फोन केला. निव्वळ कामासाठी. फोटो धुण्याच्या डेव्हलपर द्रावणाचा थर्मामीटर सापडत नव्हता. वरच्या फळीवर, तुमच्या मफलरात गुंडाळून ठेवलाय, फुटू नये म्हणून, असे ती म्हणाली. तेथेच होता. मी फोन ठेवला. काम संपल्यावर बोलायचे कशाला?

१७ फेब्रुवारी
वाचनालयाच्या सभागृहात माझ्या डोंगरांचे प्रदर्शन ठरले. ग्रंथपालबाईंनी केलेले पोस्टर मी तिसऱ्यांदा दुरुस्त करून परत पाठवले. मुद्रितशोधक निवृत्त होतो, त्याचे डोळे होत नाहीत. काका, आता तरी छापू का, असे बाईंनी जरा रडकुंडीला येऊन मेसेजमध्ये विचारले. 'का' नंतर प्रश्नचिन्ह होते, म्हणून परवानगी दिली.

बाथरूमची डार्करूम केली. खिडकीला काळे कापड, आत लाल दिवा. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, की आजोबा, दुपारभर आत काय करता, पोट बरं आहे ना?

२३ फेब्रुवारी
डबे चाळताना एक निगेटिव्ह हाती आली. पाकिटावर माझ्याच अक्षरात 'खराब', म्हणून त्या रविवारी ते उघडलेच नव्हते.

सूर्य मावळल्यानंतरचा सुळका. उजेड कमी, म्हणून एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाचे, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे. अशा अंधुक प्रकाशात फोकस जमत नसे. म्हणून ही पुढच्या खडकापाशी पांढरा रुमाल धरून उभी राही. मी रुमालावर फोकस घेई, "बाजूला हो" म्हणे, ती बाजूला झाली की शटर उघडत असे. अत्यंत शिस्तबद्ध पद्धत. त्या दिवशी मात्र शटर उघडले तरी ही हललीच नव्हती. अर्धा वेळ उभी होती, मग निघाली. त्यामुळे ती पारदर्शक आली आहे. चेहरा ओळखू येतो, पण कपाळातून सुळक्याची कड जाते.

तांत्रिक दोष.

२४ फेब्रुवारी
प्रिंट काढला. केवळ दोषाच्या अभ्यासासाठी.

ही हसते आहे. त्या वेळी लक्षात आले नव्हते. मी घड्याळाकडे पाहत होतो.

२ मार्च
निर्णय झाला. हाच प्रिंट मोठा करून प्रदर्शनात मधोमध लावायचा. ही येईल, पाहील, विरघळेल, आणि त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येईल. योजनेत काना-मात्रेचाही दोष नाही.

मेसेज पाठवला : 'प्रदर्शनाच्या उद्घाटनास आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.' आधी 'तू ये' एवढेच लिहिले होते. ते फारच उघडे वाटले.

सायंकाळी उत्तर आले : 'बघते.' रूप वर्तमानकाळाचे असले, तरी आशय भविष्यकाळाचा आहे. म्हणजे येणार.

९ मार्च
मोठ्या प्रिंटला ट्रे लहान पडला. स्वयंपाकघरातील मोठ्या परातीत डेव्हलपर ओतून काम भागवले. लेकीला हे फोनवर सहज सांगितले, तर ती ओरडली, की बाबा, त्या परातीत आता पुन्हा कणीक मळता येणार नाही! आई काय म्हणते, असे मी विचारले. आई म्हणते, राहू दे त्यांना, मला कुठे लागणार आहे, असे लेकीने सांगितले.

किती उदार स्वभाव!

१४ मार्च
घर आवरले. तिच्या बाजूचे डबे खाली उतरवले. गादीला डब्यांचे चौकोनी खड्डे पडले आहेत. चादर ताणून पाहिली, तरी दिसतात. गादी उलटी घातली. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायला सुताराला सांगितले. उद्या येतो म्हणाला.

२० मार्च
सुतार आला नाही. हरकत नाही; उद्या ती माझा हात धरून चढेल.

२१ मार्च, सायंकाळी ७.४०
ती आली. लेकीचा हात धरून, सावकाश. सरळ मधल्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, अहो, माझ्यातून डोंगर दिसतोय.

मी एक्स्पोजरचे तत्त्व समजावले : जो अर्धाच वेळ उभा राहतो, तो पारदर्शक येतो.

आणि पूर्ण वेळ उभी राहिले असते तर, असे तिने विचारले.

तर डोंगर झाकला गेला असता, असे मी सांगितले. शास्त्रीयदृष्ट्या हे अचूक आहे.

ती हसली. चित्रातल्यासारखीच. बरोबर आहे तुमचं, म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. सर्व काही योजनेप्रमाणे चालले होते.

तेवढ्यात ग्रंथपालबाई म्हणाल्या, की वाचनालयाच्या अहवालासाठी मधल्या चित्राचा एक फोटो काढून द्या. मी ट्रायपॉड उभा केला. चित्राच्या काचेत हिचे प्रतिबिंब पडत होते. मी म्हणालो, "जरा बाजूला हो."

ती बाजूला झाली. या खेपेस लगेच झाली.

काच स्वच्छ दिसू लागली. फोकस घेतला, शटर दाबले, मान वर केली. तर लेक तिला दाराबाहेरची पायरी उतरवत होती. हाक मारायची होती. पण सभागृहात ओरडणे बरे दिसत नाही, आणि हाकेत नेमके काय म्हणावे, तेही जुळेना.

फोटो निर्दोष आला आहे. कोठेही प्रतिबिंब नाही.

२४ मार्च
सुतार कठडा लावून गेला. दणकट केला आहे. कोणासाठी, आजोबा, असे त्याने विचारले. डबे घेऊन चढताना आधार हवा, असे सांगितले.

मोठा प्रिंट भिंतीवर लावण्यासाठी पाठवू का, असे लेकीला विचारले. नको बाबा, म्हणाली. जावयांनी मोबाइलवर आईचा एक छान फोटो काढला, तोच मोठा करून लावला आहे.

रंगीत!

निगेटिव्हचे डबे जमिनीवर ठेवणे योग्य नव्हे, ओल लागते. पलंगावर, तिच्या बाजूला ठेवले.

तात्पुरते.