नारिंगी ताटलीचा आकडा

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र मिळालं. आई नीट जेवत नाही हे वाचून जीव खालीवर झाला. लगेच निघालो असतो गं, पण हॉस्पिटलचे सात किरणमापक दुरुस्तीला आलेत आणि पुढच्या शनिवारी द्यायचं कबूल करून बसलोय.

आईची नारिंगी ताटली मी पळवली म्हणून तू अजून टोमणे मारतेस. अगं, त्या जुन्या झिलईत युरेनियम आहे. तिच्यात जेवणं बरं नव्हे, पण माझ्या धंद्यात तिच्यासारखी सोय नाही. दुरुस्त केलेला मापक तिच्यासमोर ठरलेल्या अंतरावर धरायचा. मिनिटाला आठशेच्या आसपास टिकटिक झाली की मापक बरोबर. चार वर्षांत दहा-वीस इकडेतिकडे, बाकी फरक नाही. युरेनियम काही आपल्या हयातीत ओसरत नाही.

तर परवापासून दुपारी एक वाजला की आकडा चारशेवर येतो. वीसेक मिनिटं तसाच, मग पुन्हा आठशे. ताटलीवर हात आडवा धरला की असं होतं. पण दुकानात मी एकटा! मापकच बिघडलेत असं धरून सातही पुन्हा उघडलेत. हसशील तू मला.
लोभ आहेच, हवं तर थोडा रागही असू दे.
तुझा धाकटा

५ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
हसले नाही रे बाबा, अंगावर काटा आला. आई दुपारी एक वाजताच जेवते. एक तारखेपासून चार घास खाते आणि ताटावर हात आडवा धरते. वीस मिनिटं! हात बाजूला करू देत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, एवढं धाकट्याचं, तो आला की खाईल. मी म्हटलं, तुझ्या धाकट्याला टक्कल पडलंय आता. तर माझ्यावरच डोळे वटारले.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आठवडाही कठीण आहे. तुझे मापक गेले खड्ड्यात. पत्र मिळताच निघ.
वाट पाहणारी,
ताई

७ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र मिळालं. आज एक वाजता मुद्दाम ताटलीला हात लावून पाहिला. दुकान गार होतं, ताटली कोमट. नंतर आकडा वर गेल्यावर स्वतःचा तळवा आडवा धरला, तर तीनशेवर आला. म्हणजे तो हात माझ्याहून लहान आहे.

तरी खरं सांगतो, मन मानत नाही. दिवसभर त्या किरणांच्या खोलीत उभी राहणारी माणसं माझ्या सहीवर विसंबतात. ताटली खोटी की मापक खोटे, हे कळल्याशिवाय सही कशी करू? तीनच उरलेत. शनिवारी नक्की निघतो. तोवर आईला कसंही करून भरव. चिडू नकोस.
तुझा धाकटा

९ जून
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.
आई आज सकाळी अकरा वाजता गेली. शेजारचे तार करायला गेलेत, पण तुला हे माझ्या हातानेच लिहावंसं वाटलं. त्रास झाला नाही. पहाटे दोनदा तू आलास का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तो वाटेत आहे. खोटं बोलले रे, काय करू? खूप राग आला होता तुझा. आता नुसतं रडू येतंय. घरी ये.
ताई

९ जून, दुपारी पावणेदोन
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आज फार आनंदात लिहितोय. एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, आकडा हललाच नाही! आठशे! म्हणजे आईने हात बाजूला केला, पोटभर जेवली. जेवली ना गं? एकटाच वेड्यासारखा हसत बसलोय. सातही मापक बरोबर निघाले, सह्या करून टाकल्या.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. आईला म्हणावं, माझ्यासाठी आता काही राखून ठेवू नकोस, आपण दोघं शेजारी बसून जेवू. ती हे ऐकून काय म्हणाली ते मला जरूर कळव.
आईला नमस्कार.
तुझा धाकटा