सुमैराच्या फ्रॉकचा घेर

आई, ओरडू नकोस. सुमैराच्या फ्रॉकचं कापड मी कापलंय!

पन्हा रुंदीला पुरत नाही म्हणून तू ते मेहताबचाचींना परत देणार होतीस ना? अगं, कंबर बावीस इंच. तू तिचा चौथा भाग, म्हणजे साडेपाच इंच त्रिज्या धरून कमरेचा मधला गोल आखतेस. परिघाच्या सूत्राने त्रिज्या साडेतीनच येते! दोन्हीकडचे दोन-दोन इंच वाचले आणि चव्वेचाळीस इंची पन्ह्यात अख्खा घेर बसला, शिलाईच्या मायेसकट. आधी पेपरवर कापून बघितलं, मग कात्री लावली.

मी शाळेत चाललेय. चाचींना सांगितलंय, संध्याकाळी फ्रॉक न्या. तू लगेच शिवायला बस. तू विकायला काढलेलं शिलाई मशीन न्यायला मामा आला, तर त्यावरून उठूच नकोस.

— प्राजू