गाडी भरल्यावर सांग

आई, बाळ आत्ताच झोपलंय, सासूबाई अंगणात उन्हाला बसल्यात, तेवढ्यात तुझ्याशी बोलून घेते. मला दुसरी मुलगी झाली. पहिलीच्या वेळी तू नव्हतीस, या वेळीही नव्हतीस, त्यामुळे नव्यानं तक्रार करायला काही जागा नाही. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते, आता माझ्याच डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेत. तरीपण तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. तुझं एक वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आणि या बाळंतपणात त्यानंच माझा घात केला असता.

मोठीच्या वेळी बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर झालं. झालं ते चांगलंच झालं, लेक सुखरूप हातात आली, पण त्यानंतरचे दिवस मी विसरले नाही. शिंक आली तरी पोटावर उशी दाबून धरायची, कुशीवर वळायचं तर कुणीतरी हात द्यायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझं माहेर दिवाळी झाली की घराला कुलूप लावून ऊस तोडायला जातं. त्या वर्षी दादा-वहिनी पार कर्नाटकात होते. मग सासरीच, काष्टीला, सासूबाईंनी सगळं केलं, अगदी शेकशेगडीपासून. बाईनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण बाळ रडलं की उचलून द्यायला दर वेळी त्यांना हाक मारायची मला लाज वाटायची, आणि मी दात आवळून स्वतःच उठायला बघायची. तेव्हाच मनात घेतलं होतं की दुसरं झालं तर नॉर्मल व्हावं. खरं सांगायचं तर नुसती सोय नव्हती त्यात, हट्टही होता. तू मला कारखान्याच्या तळावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्म दिलास. ना डॉक्टर, ना लाईट. आणि मी शिकलेली, शाळेत शिकवणारी, मला ते एकदाही जमू नये, हे मला आतून टोचायचं.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या हसल्या नाहीत की घाबरवलंही नाही. म्हणाल्या, "सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं. या वेळी बाळाचं डोकं खाली आहे, मधे वर्षंही बरीच गेलीत. पण पिशवीला जुना टाका आहे. कळांच्या जोरानं तो उसवला तर तुमच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतेल. क्वचित होतं, पण होतं. म्हणून पहिली कळ आली की निघायचं. आणि इथं आल्यावर दोन कळांच्या मधे टाक्याच्या जागी दुखायला लागलं तर लगेच सांगायचं. लपवायचं काही नाही." मी शहाण्यासारखी मान हलवली. घरी येईपर्यंत माझा हात पोटाच्या खालच्या बाजूला, सिझरच्या त्या रेघेवरच होता, आणि पुढचे सगळे दिवस तो तिथून हलला नाही. भाजी निवडताना, लेकीची वेणी घालताना, हात आपला तिथं. आतला टाका कसा आहे ते कुणाला विचारणार? आरसा लावून तर बघता येत नाही. कधी वाटायचं, उगीच हट्ट धरलाय, सरळ सिझरची तारीख घ्यावी. दुसऱ्या दिवशी वाटायचं, नाही, बघूच.

पिशवी हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या बायकांच्या तोंडून ऐकला होता. हंगाम संपवून आपण पाथर्डीला परत आलो होतो आणि तू शेजारच्या दोघींबरोबर जीपमध्ये बसून पिशवी काढायला गेलीस. बाजाराला जावं तशा गेलात तिघी. अंगावरून जायचं, ओटीपोट दुखायचं, आणि मुकादमाला खाडा चालत नव्हता, म्हणून कटकटच नको, असं तुम्ही आपसात बोलत होता. मी जिथं वाढले ती जागा तू काढून टाकलीस आणि पुढच्या हंगामात पुन्हा डोक्यावर उसाची मोळी घेतलीस. मोळी टाकून आलीस की कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहायचीस. दुखतं का, असं तुला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीसुद्धा विचारलं नाही. आणि तू तर सांगणारी नव्हतीसच.

सांगायचं नाही, हे तर तू मला नीट शिकवलं होतंस. मी सात-आठ वर्षांची असेन. तू आणि अण्णा पहाटेपासून फडात होता आणि मी तुमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन येत होते. तोडलेल्या उसाचं टोकदार बुडखं माझ्या तळपायात घुसलं. मी कळशी टाकली आणि "आई गं" म्हणून अशी किंचाळले की शेजारच्या फडातली माणसं बघायला लागली. तू वळून बघितलंस. कोयता खाली ठेवला नाहीस. म्हणालीस, "वरडू नको. जीव जात न्हाई तेवढ्यानं. गाडी भरल्यावर सांग." मी बांधावर बसून राहिले, पाय मातीत दाबून, आवाज गिळून. बैलगाडी भरली, दोर आवळला, अण्णा गाडी घेऊन कारखान्याकडे निघाले, आणि मग तू आलीस. माझा पाय मांडीवर घेतलास, पदराचा काठ फाडून बांधलास, आणि तळापर्यंत मला पाठकुळी नेलंस. तुझ्या पाठीला घामाचा आणि उसाच्या चिकाचा वास येत होता. तसं पाठकुळी तू मला पुन्हा कधी घेतलं नाहीस. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं असेल. काम संपेपर्यंत गप्प बसलं की आई जवळ घेते, असा हिशेब मी मांडला होता.

आता त्या दिवसाचं ऐक. काष्टीच्या बाजाराचा दिवस. सकाळी पीठ मळताना पहिली कळ आली. कंबरेतून निघून पुढे आली आणि गेली. मला काय करायचं ते पाठ होतं. आणि मी काय केलं? मनात म्हटलं, एवढ्या भाकरी होऊ देत. मग म्हटलं, लेकीची वेणी होऊ दे. मग म्हटलं, हे दुधाचा टेम्पो घेऊन येतातच, त्यांचं जेवण होऊ दे. कळ आली की ओट्याला दोन्ही हातांनी धरायचं, डोळे मिटायचे, आणि ती गेली की पुढची भाकरी तव्यावर. शाळेत पोरांना ओरडून सांगते, पोट दुखलं तर लगेच हात वर करा म्हणून. आणि मी स्वतः, पोटात टाका घेऊन, भाकरी मोजत उभी. माझी गाडी भरायची होती ना!

शेवटी तव्यावर भाकरी करपली. सासूबाई वासानं आत आल्या. माझ्या हातची भाकरी करपत नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांनी तव्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"कवापास्नं हाय हे?"

"आत्ताच, आत्या."

"आत्ताच व्हय? नवऱ्याला फसव, मला नगं. चार लेकरं काढल्यात म्या." त्यांनी गॅस बंद केला, माझ्या हाताचं पीठ स्वतःच्या पदराला पुसलं आणि दारातून ह्यांच्या नावानं अशी आरोळी दिली की बाजाराला निघालेली माणसं थबकली.

हे टेम्पो लावत होते, त्यांनी धावत जाऊन शेजाऱ्यांची जीप मागून आणली. श्रीगोंद्याचा रस्ता म्हणजे परीक्षाच होती. एका बाजूला शेळ्या-बोकडांचे टेम्पो, दुसरीकडे कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर, एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि कर्ण्यावर गाणी. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आमच्या काचेला घासत होता. हे हॉर्न वाजवून वाजवून घामाघूम. मी मागे सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून पडलेले, हात त्या रेघेवर. प्रत्येक कळेला वाटायचं, आत्ता उसवेल. कळ गेली की वाटायचं, उसवलं तर कळेल का मला? ओल्या उसाचा वास गाडीत भरला होता. त्या वासानं मला एरवी भूक लागते, त्या दिवशी मी नाकाला पदर लावला. "अजून किती राहिलं?" मी सारखी विचारत होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "बराच वेळ घरी काढलाय तुम्ही. काय सांगितलं होतं मी?" मी खाली बघितलं. पोटाला पट्टा लावला, बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले. "थिएटर तयार ठेवलंय," त्या म्हणाल्या, "ठोके कमी झाले किंवा टाक्याच्या जागी दुखायला लागलं तर मी थांबणार नाही." मग मी त्या ठोक्यांना कान लावून पडून राहिले. ते जरा हळू वाटले की मी मोजायला लागायची. पलीकडच्या खाटेवरची बाई मोठ्यानं ओरडत होती, तिची आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मी ओठ दाबून गप्प. नर्सबाई म्हणाली, "किती सोसतात बघा ह्या." मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आणि मग ते झालं. कळ ओसरली, पण दुखणं गेलं नाही. खाली, बरोबर त्या रेघेवर, काहीतरी तटतटून राहिलं. पुढची कळ आली, गेली, ते तिथंच. सांगायला हवं होतं, दुसरा विचारच नको होता. पण सांगितलं की थिएटर. एवढे महिने धरलेली आशा, इतक्या जवळ येऊन, संपली. आणि नाही सांगितलं तर? ठोके तर चालू होते. मी स्वतःला म्हटलं, अजून एक कळ बघू. तेव्हा तू माझ्या डोक्यात बोललीस. शपथेवर सांगते, अगदी तुझ्या आवाजात. वरडू नको. गाडी भरल्यावर सांग. आणि मला तुझा भयंकर राग आला. गाडी भरेपर्यंत हे बाळ राहिलं नाही तर? तू कोयता खाली ठेवला नव्हतास, मी ठेवणार होते. मी तोंड उघडलं आणि ओरडले, "आई गं!" एवढ्या जोरात की पलीकडची बाई गप्प झाली.

नर्सबाई धावत आली. "बाहेर सासूबाई हायेत, बोलावू का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि टाक्यावर बोट ठेवलं. "इथं दुखतंय. कळ नसताना. मघापासून." डॉक्टरीणबाई आल्या, दाबून बघितलं, पट्ट्यावरचे ठोके बघितले. मग त्यांनी विचारलं, "लघवीला कधी गेला होता?" मला आठवेना. भाकरीच्या आधी, बहुतेक. त्यांनी नळी घालून तुंबलेली लघवी काढली, आणि आई, ते तटतटणं हळूहळू उतरलं. तरी त्या खाटेपासून हलल्या नाहीत. कळ आली, गेली, आणि मधे सगळं शांत. "आता?" "नाही दुखत." "खरं?" "देवाशप्पथ खरं." त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. अजून थोडं बघू. पण आता बारीकसारीकसुद्धा सांगत राहायचं." मग मी सांगतच राहिले. शेवटी शेवटी नर्सबाई म्हणाली, "आता जरा जोर लावायला दम ठेवा की."

ऊन कलायच्या आत बाळ आलं. माझ्या जोरानं आलं. छातीवर ठेवलं तेव्हा ते गरम होतं आणि घसा फाडून रडत होतं, आणि मी विचारत होते, टाका बरा आहे का, टाका बरा आहे का. बरा होता. सासूबाई आत आल्या, पुन्हा मुलगीच हे त्यांना बाहेरच कळलं होतं. बाळावर वाकल्या आणि म्हणाल्या, "लई खणखणीत हाय गं बया हिचा आवाज." मग माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

काल तुझी मैत्रीण येऊन गेली, तळावर आपल्या शेजारच्या कोपीत राहायची ती मावशी. तिच्या मुलाची टोळी यंदा इकडेच उतरलीय. झबलं आणि डिंकाचे लाडू घेऊन आली, बाळाला मांडीवर घेतलं. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आईनं मला गप्प बसायला शिकवलं होतं, तिच्यासारखं काही मला जमलं नाही. तर ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तिच्यासारखं? आगं, तुह्या येळंला तिनं आक्खा तळ गोळा केला हुता. आई गं, आई गं, नुसता कालवा. मुकादम सुदिक कोपीम्होरं येऊन हुबा ऱ्हायला. म्या म्हन्लं, बाई, तुही आई तिकडं पाथर्डीला, हितून ऐकू जातंय का तिला? तर मलाच शिव्या घातल्या तिनं."

मी हसले. ती गेल्यावर रडले. इतकी वर्षं मी तुझं गप्प बसणं गिरवत होते, आणि तू मला ओरडून ओरडून जन्माला घातलं होतंस. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं, एवढंच मला तुला म्हणायचं होतं. भांडण संपलं.

बाळ चुळबुळ करायला लागलंय, उठायला हवं. आता मला एकटीला उठता येतं. हे कागद घड्या करून कपड्यांच्या खाली ठेवून देईन, कुठं पाठवायचं ते माहीत नाही. फक्त एक राहिलं. घरात सगळे त्या किंचाळण्यावरून माझी चेष्टा करतात, आणि मी म्हणते, त्यात काय, दुखलं की सगळ्यांच्याच तोंडून ते निघतं. तसं नव्हतं ते. मी तुलाच हाक मारली होती, आणि नर्सबाई आत येईपर्यंत मी दाराकडे बघत होते.