कॅन्सर कमिटीवर माझी करडी नजर

३ मार्च
राज्याच्या कॅन्सर कमिटीचं पत्र. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्याच्या, गाईडलाइन्स नव्याने लिहिणार आहेत. पेशंटांच्या बाजूने एक माणूस हवाय म्हणे. मी. माझं दुखणं फुप्फुसात आहे, थोडं लिव्हरमध्येही, पण औषध चालू आहे. तेव्हा निवड झाली ती डुलुथ गावच्या शाळेत एकतीस वर्षं व्हाइस प्रिन्सिपल होतो म्हणूनच. डॉक्टरांवर नजर ठेवायला. बायकोला, आयडेलाला, विचारलं, यांना माझं नाव दिलं कुणी? "मी," म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. संशयास्पद.

१० मार्च
पहिली मीटिंग. अकरा डॉक्टर, एक मी, आणि खायला लेमन बार्स, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या. पॅलिएटिव्हवाल्या डॉ. पेल्टियरने माझ्यासाठी मुद्दाम गादीची खुर्ची आणली. का? बसायचं नाही असं ठरवलं. वीस मिनिटांनी बसलो. कागद नीट दिसावेत म्हणून.

१७ मार्च
डाव कळला. नवा मुद्दा असा: पेशंटला पॅलिएटिव्हकडे अगदी शेवटी नाही, निदान झाल्या झाल्या पाठवा. म्हणजे आधीच गाशा गुंडाळायला लावायचा. तोंडावर विचारलं. पेल्टियर म्हणाली, "गुंडाळत कुणीच नाही, मिस्टर टॉल्फसन. केमो चालू असतानाच दुखणं, दम, झोप, घरची माणसं, सगळ्याकडे बघायचं." फार गुळगुळीत उत्तर. अशी उत्तरं देणाऱ्या पोरांच्याच मोज्यात सिगरेटी सापडायच्या.

२४ मार्च
पेशंटांसाठीचं पत्रक मला मोठ्याने वाचायला दिलं. तिसऱ्या ओळीला दम लागला. खोलीत हीटर फार. उरलेलं पेल्टियरने वाचलं. नंतर हळूच म्हणाली, "घरी जिना चढतानाही हीटर असतो का?"
असतो म्हटलं.

२ एप्रिल, दुपारी
आयडेला दर गुरुवारी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जाते म्हणते. आज पाठलाग केला. गाडी थेट पेल्टियरच्या क्लिनिकपाशी. आत पेशंटांच्या बायका-नवऱ्यांची बैठक. कट उघड. बाहेर आल्यावर जाब विचारला. म्हणाली, "तू जात नाहीस, म्हणून मी जाते. मलाही कुणीतरी विचारायला नको, कशी आहेस म्हणून?"
मुद्देसूद उत्तर तयार होतं. त्याऐवजी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

७ एप्रिल
निदान झाल्या झाल्या पाठवण्याच्या त्या मुद्द्यावर मतदान. विरोधात हात वर करायचा, पक्कं. "बाजूने कोण?" विचारलं तेव्हा वर गेला. प्रश्नच गोंधळात टाकणारा होता.

९ एप्रिल
क्लिनिकची तपासणी करायला गेलो. आयडेला सोबत. आपण होऊन काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पाऊण तास बोललो. पाठीत दुखतं तेही. निघताना पेल्टियरला सहज म्हटलं, पुन्हा गाईडलाइन्स सुधाराल तेव्हाही मला बोलवा, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.
तिने पेन खाली ठेवलं. "त्या पाच वर्षांनी सुधारतात, मिस्टर टॉल्फसन."
मी वर्षं बोटांवर मोजायला घेतली, दुसऱ्या बोटावर थांबलो. आयडेला माझा कोट हातात धरून उभी होती.
या बाईच्या बोलण्यात पहिल्यांदाच काही काळंबेरं सापडलं नाही.