दादाची पालथी जहाजं

दिशा वहिनी,

मी पेणला कामावर निघालो, सकाळची शिफ्ट आहे. उद्या दादाच्या वर्षश्राद्धाला पाहुणे येतील, म्हणून जेवायचं टेबल रिकामं केलंय. आमचा अंतराळातल्या साम्राज्यांच्या पटखेळाचा अर्धा डाव तिथे पडून होता आणि वर्षभर तू खाली बसून जेवलीस. एकदाही कुरकुरली नाहीस.

हाच खेळ मी कंप्युटरवर खेळून बघितला. तो दोन सेकंदांत चाल करतो. दादा अर्धा तास लावायचा, वर मलाच विचारायचा, “तुला घाई हाय का?”

तरी वाटलं, आमचा डाव तिथे पुरा करावा. त्यासाठी दादाची पालथी जहाजं, म्हणजे त्याच्या सोंगट्या, उलटाव्या लागल्या. पालथ्या सोंगटीखाली किती ताकद आहे ते समोरच्याला कळत नाही. त्याच भीतीने मी चार महिने त्याच्या ग्रहाकडे फिरकलो नव्हतो.

सगळ्या कोऱ्या निघाल्या, वहिनी. नुसत्या हूल द्यायच्या. लढायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं आणि माझ्यासमोर बसून तो हसत होता.

दुखण्याचंही त्याने तसंच केलं. तुला तरी माहीत होतं का?

खेळाचा खोका कपाटावर आहे. टाकू नकोस.

सुजय